अपिलाची मुदत आणि न्यायाधीशाची चूक

अपील या शब्दाशीं आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचा परिचय वाटणीच्या किंवा कुळकायद्याच्या दाव्यांतून झालेला असतो. खालच्या न्यायालयाचा निकाल वरच्यानें तपासावा, एवढाच त्याचा अर्थ सामान्यतः समजला जातो. परंतु वरच्या न्यायालयाचें दार ठराविक दिवसच उघडें असतें, आणि कित्येक अपिलें गुणदोषांपर्यंत न पोंचतां उंबरठ्यावरच संपतात. ही मुदत किती कठोर असावी, याचीं दोन उत्तरें आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिलें उत्तर अमेरिकेंतील आहे. ओहायो राज्यांत एका इसमास १९९९ सालीं खुनाच्या आरोपाखालीं दोषी ठरविण्यांत आलें. राज्यांतील अपिलांत अपयश आल्यावर त्यानें संघीय न्यायालयांत अर्ज केला. तोहि सप्टेंबर २००३ मध्यें नामंजूर झाला. अपिलाची मुदत टळली, तेव्हां त्यानें ती पुन्हा मागितली व न्यायाधीशांनीं ती दिली. कायद्यानें अशी मुदत चौदा दिवसांची. हुकुमांत मात्र २७ फेब्रुवारी २००४ ही तारीख पडली, म्हणजे सतरा दिवस झाले. अपील २६ तारखेस दाखल झालें. हुकुमाप्रमाणें तें वेळेंत होतें, कायद्याप्रमाणें दोन दिवस उशिरां! सर्वोच्च न्यायालयानें १४ जून २००७ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, ही मुदत विधिमंडळानें घातलेली असल्यामुळें ती ओलांडल्यावर अपील ऐकण्याचा अधिकारच उरत नाहीं. न्यायाधीशाच्या लेखी हुकुमावर विसंबणाऱ्यास असें वागविणें असह्य आहे, असें न्या. सूटर यांचें विरुद्ध मत पडलें.

आपल्याकडील उत्तर निराळें आहे. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें दिवाणी हुकूमनाम्यावर हायकोर्टांत अपील करण्यास नव्वद व इतर न्यायालयांत तीस दिवस मिळतात. नक्कल मिळविण्यास लागणारा अवश्य तेवढा काळ त्यांतून वगळतात, आणि पांचव्या कलमान्वयें पुरेसें कारण दाखविल्यास विलंब माफ होऊं शकतो. जम्मू-काश्मीरमधील भूसंपादनाच्या एका प्रकरणांत चार दिवसांच्या उशिरामुळें फेटाळलेलें सरकारी अपील सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं पुन्हा ऐकावयास लाविलें.

यावर कोणी विचारील कीं, मुदत सैल ठेविली तर जिंकलेल्यानें निश्चिंत केव्हां व्हावें? आक्षेप खरा आहे. एकाच वाड्याचा वाद आजोबांपासून नातवांपर्यंत चाललेला ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस तो समजावून सांगावयास नको. परंतु चूक कोणाची, हें पाहिल्यावांचून शिक्षा ठरवूं नये. चुकीचा ठरलेला निवाडा राजानें पुन्हा पाहावा आणि विजयी पक्षासह सभासदांसहि दंड करावा, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे. तेथें न्याय देणाऱ्याच्या चुकीचा भार त्याच्यावरच येतो. ओहायोच्या प्रकरणांत तो कैद्यावर पडला. आळसासाठीं मुदत कठोर असावी हें आम्हांस मान्य आहे, पण न्यायाधीशाच्या शब्दावर विश्वास ठेवणें हा आळस नव्हे.

तथापि विलंबाची माफी न्यायालयाच्या मर्जीवर आहे, ती हक्कानें मिळत नाहीं. म्हणून ज्या घरीं दावा चालू असेल त्यांनीं निकालाच्या दिवशींच नकलेसाठीं अर्ज द्यावा, आणि मुदतीचे दिवस वकिलांस विचारून, कायद्यावरून पडताळून, भिंतीवरील पंचांगांत लिहून ठेवावे.