कुलाब्याचे ‘रायगड’ झाले नाही

कुलाबा लोकसभा मतदारसंघ १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून २००४ च्या चौदाव्या निवडणुकीपर्यंत अस्तित्वात होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो रद्द झाला. त्याच्याविषयी दोन समजुती आजही प्रचलित आहेत. एक अशी की, हा मतदारसंघ म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) बालेकिल्ला. दुसरी अशी की, कुलाब्याचेच नाव बदलून रायगड झाले. पहिली समजूत अर्धवट खरी आहे. दुसरी तर रायगड जिल्ह्यातल्या मोहोपाड्याच्या कोणत्याही मतदान केंद्रावर उभे राहिले तरी खोटी ठरते.

बालेकिल्ल्याच्या दाव्याला आधार नाही असे म्हणता येत नाही. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून चाललेला चरीचा शेतकरी संप कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातला. शेकापला इथे गावोगाव मुळे मिळाली ती खोतीविरुद्धच्या त्या लढ्यातून. अलिबाग, पेण, पनवेलकडे विधानसभेत या पक्षाने दीर्घकाळ बाजी मारली. परंतु विधानसभेचे यश लोकसभेच्या खात्यावर मांडणे हा हिशेबाचा घोटाळा आहे. चौदा निवडणुकांपैकी आठ काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या सहांमध्ये शेकापचा वाटा मोठा असला, तरी आठाला सहा हे प्रमाण बालेकिल्ल्याचे नव्हे.

मग हा काँग्रेसचा गड होता काय? तेही नाही. १९५२ मध्ये चिंतामणराव देशमुख काँग्रेसतर्फे निवडून आले. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला शेकापचे राजाराम राऊत विजयी झाले. १९६२ ला काँग्रेसचे भास्कर दिघे आले. १९६७ ला काँग्रेसबाहेरचे दत्ता कुंटे निवडून आले. हे कुंटे पूर्वी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. १९७१ ला काँग्रेसचे शंकरराव सावंत, १९७७ ला शेकापचे दि. बा. पाटील, १९८० ला काँग्रेसचे अंबाजी पाटील, १९८४ ला पुन्हा दि. बा. आणि १९८९ ला काँग्रेसचे अ. र. अंतुले. सलग नऊ निवडणुकांत ही जागा काँग्रेस आणि काँग्रेसविरोध यांच्यात दर खेपेला हात बदलत राहिली. कोणत्याही बाजूला ती दोनदा लागोपाठ राखता आली नाही. कुलाब्याचा खरा स्वभाव हा हेलकाव्याचा होता.

हा हेलकावा म्हणजे देशातल्या लाटेची नक्कल, असा आक्षेप घेता येईल. १९७१, १९७७ आणि १९८० पुरता तो मान्य करायला हरकत नाही. १९८४ ला मात्र तो गळून पडतो. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या त्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला मिळाल्या, आणि त्याच वेळी कुलाब्याने काँग्रेसला घरी पाठवले. कारण दिल्लीत नव्हते, ते उरण-पनवेलच्या शेतांत होते. नव्या मुंबईसाठी सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात आंदोलन झाले, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण पुढे आले ते याच लढ्यामुळे. त्याचे नेते दि. बा. पाटील होते.

१९९१ आणि १९९६ ला अंतुल्यांनी जागा राखली, १९९८ आणि १९९९ ला शेकापचे रामशेठ ठाकूर जिंकले, २००४ ला अंतुले परतले. या नावांकडे नकाशा समोर ठेवून पाहावे. दि. बा. जासईचे, रामशेठ उरण-पनवेल पट्ट्यातले, अंतुले म्हसळ्याजवळच्या आंबेतचे. शेकापच्या पाच निर्विवाद विजयांपैकी चार उत्तरेकडच्या या दोन नेत्यांचे आहेत. मतदारसंघाचे एक टोक खाडीकाठच्या उत्तरेत आणि दुसरे दक्षिणेच्या किनाऱ्यावर होते. खालापूर-कर्जतचा आतला भाग या रस्सीखेचीच्या मधोमध नसला, तरी तिचा भाग होता.

पुनर्रचनेने नेमकी हीच रस्सी कापली. पनवेल, कर्जत आणि उरण हे विधानसभा मतदारसंघ घाटावरच्या मावळ, चिंचवड आणि पिंपरीला जोडून ‘मावळ’ लोकसभा मतदारसंघ झाला. पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाड यांना रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर जोडून ‘रायगड’ झाला. खालापूर नावाचा विधानसभा मतदारसंघही त्याच वेळी गेला. जिल्ह्याचे नाव कुलाब्याचे रायगड झाले होते ते १९८१ मध्येच, आणि त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोकसभेचा मतदारसंघ कुलाबाच राहिला. म्हणजे नामांतर आणि विभाजन या दोन वेगळ्या घटना आहेत. समजुतीने त्यांची गाठ मारली.

वारशाचा प्रश्न काढायचा तर नवा रायगड एकट्या कुलाब्याचा वारस नाही. २००९ ला तिथे अंतुल्यांचा पराभव करणारे अनंत गीते त्याआधी रत्नागिरीचे खासदार होते, आणि रत्नागिरी मतदारसंघही त्याच पुनर्रचनेत संपला होता. मावळमध्ये २००९ ला गजानन बाबर, नंतर २०१४, २०१९ आणि २०२४ ला श्रीरंग बारणे निवडून आले. दोघेही शिवसेनेचे, दोघेही पिंपरी-चिंचवडचे. शिवसेनेला कुलाब्यात एकदाही न मिळालेले यश दोन्ही तुकड्यांत पहिल्याच फटक्याला मिळाले. निव्वळ नाव बदलले असते तर असे होण्याचे कारण नव्हते. मतदारांची मोळीच नव्याने बांधली गेली होती.

म्हणून कुलाब्याच्या खासदारांच्या यादीखाली २००४ नंतर ‘पुढे पाहा : रायगड’ एवढेच लिहिणे चूक आहे. तिथे ‘रायगड आणि मावळ’ असे हवे. मोहोपाडा रायगड जिल्ह्यात आहे, त्याचे जिल्हाधिकारी कार्यालय अलिबागला आहे. परंतु पुनर्रचनेत तो मावळकडे गेल्याने रायगड लोकसभा मतदारसंघात त्याने आजवर एकदाही मत दिलेले नाही.