इम्प्लांटआधी ‘हाड भरावं लागेल’ म्हणतात? होकार देण्याआधी हे वाचा

कर्जत किंवा खोपोलीत दुखरी दाढ काढून घ्यायला अर्धा दिवस पुरतो. पुढे कधीतरी त्या जागी इम्प्लांट बसवायचं ठरतं आणि डॉक्टर सांगतात, ‘हाड कमी आहे, बोन ग्राफ्ट करावं लागेल.’ खर्च वाढतो, फेऱ्या वाढतात आणि रुग्णाला वाटतं, बिल फुगवलं. दात गेल्यावर हाड खरोखरच कमी होतं. पण हे दाढ काढण्याआधीच सांगायला हवं होतं, आणि भरायचं ते हाड कशाचं हेसुद्धा, असं माझं मत आहे.

हाड जातं कुठे?

दाताभोवतीचं हाड दाताच्या आधारावर टिकतं. दात निघाला की ते आक्रसू लागतं. दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांवरचा २००३ मधला एक अभ्यास आजही दाखल्यासाठी वापरला जातो. त्यात १२ महिन्यांत हाडाची रुंदी सुमारे निम्म्यानं घटली होती. त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या ३ महिन्यांतली होती.

इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू. स्वीडनचे पेर-इंग्वर ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये तो पहिल्यांदा रुग्णाच्या जबड्यात बसवला. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं, यावर सगळा खेळ आहे. खांबाला भोवती पक्की जमीन लागते, तसं या स्क्रूभोवती साधारण दीड ते दोन मिलिमीटर हाड लागतं. ते नसेल तर भरावं लागतं. दात काढतानाच खड्ड्यात ग्राफ्ट भरलं तर झीज कमी होते. पूर्ण थांबत मात्र नाही.

भरतात ते काय?

मुख्य प्रकार चार. पहिलं, तुमचंच हाड, जबड्याच्या दुसऱ्या भागातून घेतलेलं. दुसरं, दात्याचं, प्रक्रिया केलेलं हाड. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक असं हाड तयार करते. तिसरं, प्राण्याचं, बहुधा गोवंशाचं. चौथं, कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटसारख्या पदार्थांचं. ग्राफ्टवर झाकायचा कोलॅजनचा पडदा अनेकदा डुकराच्या किंवा गोवंशाच्या ऊतींपासून बनतो. हे सगळं परांचीसारखं काम करतं. तिच्या आधारानं तुमचं हाड वाढतं. त्याला साधारण ४ ते ६ महिने लागतात.

आता कर्जत-खालापूरच्या गावांतला एखादा माळकरी, जैन किंवा मुस्लिम रुग्ण डोळ्यांसमोर आणा. नुसतं ‘पावडर भरतो’ सांगून त्याची सही घेणं मला गैर वाटतं. उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय रुग्णाला समजेल असे सांगूनच संमती घ्यावी, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं. खटला दातांचा नव्हता, पण तत्त्व इथंही लागू होतं.

हिरडीचं काय?

हाडावर घट्ट हिरडीची किनार हवी. ती २ मिलिमीटरपेक्षा अरुंद असली तर ब्रश करताना दुखू शकतं, मग तिथं घाण साचते, सूज येते आणि पुढे हाडही झिजू शकतं. अशा वेळी टाळूतून ऊतीची पातळ पट्टी घेऊन तिथं शिवतात. तंबाखू, सिगारेट आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे जखम नीट भरत नाही. मिश्रीतही तंबाखूच असते. आईला किंवा आजीला डॉक्टरांकडे नेताना हे लपवू नका.

सगळ्यांना हे लागतंच का?

नाही. हाड पुरेसं असेल तर ग्राफ्टची गरज नाही. काही ठिकाणी आखूड इम्प्लांट चालतो. ब्रिज आणि कवळी हेही चांगले पर्याय आहेत. ग्राफ्ट, टाके, इम्प्लांट, मग कॅप अशा फेऱ्यांत रोजंदारीवरच्या माणसाचे दिवस बुडतात. आदिवासी वाडीतून येणाऱ्याला हा हिशेब आधीच मांडून दाखवायला हवा. दुसरं मत हवं असेल तर लोकलनं सीएसएमटीला उतरल्यावर शासकीय दंत महाविद्यालय जवळच आहे. कामोठे आणि नेरूळमध्येही दंत महाविद्यालयं आहेत.

दाढ काढण्याआधी विचारा:

- पुढे इम्प्लांट करायचा असेल तर आत्ताच ग्राफ्ट भरण्याचा फायदा आहे का?
- ग्राफ्ट आणि पडदा कशाचा आहे? दुसरा पर्याय आहे का?
- एकूण खर्च किती, फेऱ्या किती, महिने किती?
- ग्राफ्ट टिकलं नाही तर पुढे काय, आणि तो खर्च कोणाचा?

काम झाल्यावर ग्राफ्ट आणि इम्प्लांटच्या वेष्टनावरचं बॅच नंबरचं स्टिकर मागून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली, तर तुमच्या तोंडात काय बसवलंय हे त्यावरून कळेल.