आधी बी पडू द्या!

मुलांनो,

शाळेत जाताना रस्त्याच्या कडेला काय काय उगवलंय, ते कधी थांबून पाहिलंत का? मोठी माणसं त्याला सरसकट ‘तण’ म्हणतात आणि मोकळी होतात. आज आपण या तणाची बाजू ऐकू या.

श्रावण-भाद्रपदात गुलाबी फुलांनी डवरणारा तेरडा तुम्ही ओळखताच. कोकणात कितीतरी घरी गौरी म्हणून तेरड्याचीच रोपं आणतात. त्याचं पिकलेलं बोंड चिमटीत धरलं की फट्‌कन फुटतं आणि बिया उडतात. गंमत वाटते ना? पण तेरडा जगतो एकच हंगाम. त्याचं पुढचं सगळं त्या बियांवर! बोंडं पिकण्याआधीच कड कापली, तर पुढच्या पावसाळ्यात तेरडा उगवणार कशातून?

आता रुई पाहा. तिच्या पानावर काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी दिसली, तर मारू नका हं! ती ‘बिबळ्या कडवा’ या केशरी फुलपाखराची अळी. रुईच्या पानांतलं विष तिच्या अंगात साठतं, म्हणून पक्षी सहसा या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. रुई तोडली, तर पानावरची अळी उपाशी मरते. (रुईचा चीक मात्र डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

“मग गाजरगवतही राखायचं?” असं कुणी विचारील. छे! ते अमेरिका खंडातून आलेलं. १९५०च्या दशकात ते पुण्यात दिसलं आणि पाहता पाहता देशभर पसरलं. त्यानं अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचा त्रास होतो. ते फुलण्याआधीच उपटायला हवं. पण ते काम मोठ्यांनी हातमोजे घालून करावं.

म्हणजे सगळंच राखायचं नाही आणि सगळंच कापायचं नाही. आधी ओळखायचं!

वळणावर समोरची गाडी दिसायला हवी, तिथलं गवत कापावंच लागतं. सरळ रस्त्याची कड मात्र थोडं थांबू शकते. येत्या रविवारी आईबाबांना बरोबर घ्या. गावाबाहेरच्या रस्त्याची पन्नास पावलं कड निवडा. कोणती झाडं आहेत, कोणाची बोंडं पिकलीत, ते वहीत लिहा. मग वही ग्रामपंचायतीत दाखवा आणि सांगा, “एवढी कड बी पडल्यावर कापा, पण पेटवू नका.”

पुढच्या श्रावणात तीच पन्नास पावलं पुन्हा चालून बघा. वहीतली किती नावं परत भेटतात?