पाठांतराचं पायथॉन पुरे झालं

निगडी-भोसरीकडून पायथॉनचा कोर्स करून पोरं चाकणच्या कारखान्यांत लागतात आणि त्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून शिकवायचं काम माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडतं. पोरं हुशार आहेत. खोट शिकवणाऱ्यांत आहे.

परवा एकाला म्हटलं, गाडीच्या नंबरावरून आरटीओ ओळखून दाखव. त्याने एमएच १२ असेल तर पुणे, १४ असेल तर पिंपरी-चिंचवड, १५ असेल तर नाशिक, अशी इफ-एलिफची लांबच लांब रांग लावली. डिक्शनरीची व्याख्या मात्र त्याला तोंडपाठ होती! कोड ही की, शहर ही व्हॅल्यू, नवा कोड आला की यादीत एक ओळ वाढवायची आणि प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्याहून घातक शिकवण म्हणजे, की सापडली नाही तर ‘गेट’ वापरून शून्य द्या, प्रोग्रॅम बंद पडणार नाही. अहो, पडू द्या ना बंद! स्टोअरमध्ये स्कॅन केलेला पार्ट नंबर यादीत नसेल, तर प्रोग्रॅमने बोंब मारलीच पाहिजे. तो शून्य साठा दाखवून गप्प बसला, तर रॅक भरलेला असताना नवी ऑर्डर सुटते. तीच की दोनदा लिहिली तर पायथॉन चकार शब्द न काढता शेवटची व्हॅल्यू ठेवतं, हेही कुणी सांगत नाही.

आणि मॅप? मुलाखतीत छाप पाडायला मॅप आणि लॅम्ब्डाची एका ओळीची कसरत घोटून घेतात. पायथॉनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनीच २००५ मध्ये हे दोन्ही भाषेतून काढावेत, असं लिहिलं होतं. ते टिकले, आणि मॅप कामाचाही आहे. गेजची मापं इंचातून मिलिमीटरमध्ये न्यायची तर प्रत्येकाला २५.४ ने गुणायचं, हा त्याचा खरा धडा. पण आधी तेच काम फॉर लूपने करून घ्या. पायथॉन ३ मधला मॅप एकदा वाचून संपला की रिकामा होतो, हेही सांगा. नाहीतर पोरगं तोच रिपोर्ट दुसऱ्यांदा काढतं आणि हाती कोरा कागद येतो.

क्लासवाल्यांनो, फी पूर्ण घेता, तर शिकवाही पूर्ण. पार्ट नंबरांची यादी द्या, त्यातला एक मुद्दाम गाळा, एक दोनदा लिहा. ज्याचा प्रोग्रॅम दोन्ही चुका पकडेल, त्यालाच पास करा.