गाडी थांबली की डबा

एसटीत एकतीस वर्षं मी वाहक होतो. त्यातली बरीचशी वर्षं सातारा-महाबळेश्वर फेऱ्यांत गेली. प्रवासी विसरलो, त्यांच्या मांडीवरची पोरं मात्र लक्षात आहेत. गाडी स्टँड सोडायच्या आधीच पिशवीतून बिस्किटाचा पुडा निघायचा. पोर रडत नसायचं, भुकेलेलंही नसायचं. रडेल म्हणून आधीच तोंडात कोंबायचं. केळघरच्या घाटात ते सगळं खिडकीबाहेर जायचं, पुष्कळदा मागच्या प्रवाशाच्या शर्टावरही.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही, हे मला एका फुटाण्यानं शिकवलं. मेढ्याला फुटाणेवाला चढला होता. कुणीतरी कौतुकानं दहा महिन्यांच्या पोराच्या मुठीत दोन दाणे दिले. गाडी निघाली, खड्डा आला आणि पोराचा आवाजच बंद झाला. खोकला नाही, रडणं नाही. नशिबानं गाडीत एक नर्सबाई होत्या. त्यांनी पोराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळव्यानं थापा दिल्या. चौथ्या थापेला दाणा बाहेर पडला. मी तोवर बेल मारून गाडी थांबवली होती. त्यापलीकडे मला काही सुचलं नव्हतं.

आता मुलाकडे कार आहे आणि मला दीड वर्षाची नात. मागच्या सीटवर ती नुसती कुरकुरली तरी सून मक्याचे पफ पुढे करते. ‘आबा, तेवढ्यानं गप्प बसते.’ माझं भांडण पफशी नाही, या ‘गप्प बसते’शी आहे. या वयात दिवसाला तीन-चार जेवणं आणि लागलंच तर एक-दोन वेळा मधलं खाणं पुरतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या गाडीत एवढं मधलं खाणं मेढा यायच्या आत संपतं. मग वर पोचल्यावर ‘जेवतच नाही हो’ म्हणून पोरीमागे वाटी घेऊन धावायचं! शिवाय पट्ट्यात बांधलेलं, मागे बसलेलं लेकरू ठसकलं तर पुढच्याला कळणार कधी?

म्हणून मी नियम केला: चाक फिरतंय तोवर पाणी, गाडी थांबली की डबा. डबा माझा मीच भरतो. उकडलेल्या रताळ्याचे बोटाएवढे तुकडे, नाचणीचं मऊ धिरडं आणि एक केळं. केळं तर देवानंच डब्यात घालून दिलंय. द्राक्षं न्यायची तर उभी चिरून, चार फोडी करून. शेंगदाणे, फुटाणे अख्खे नाहीत, पाच वर्षांची होईपर्यंत तरी नाहीत. उन्हाळ्यात दूधभात किंवा खिचडी नेत नाही. डिकीत दोन तासांत आंबूस वास मारते.

मधाचं सांगितलं की आमच्याकडे लोक चिडतात. महाबळेश्वरचा मध म्हणजे सातारकराला घरचाच. तालुक्यातलं मांघर तर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं. पण वर्षाच्या आतल्या बाळाला त्याचं बोटही चाटवू नये. मधात कधी कधी असे जंतू असतात, की मोठ्यांना ते पचतात आणि तान्ह्याच्या आतड्यात विष तयार करतात. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा डबा आईजवळच असतो, त्याला वरचं पाणीसुद्धा नको.

परवा अजिंक्यतारा किल्ल्यावर गेलो. चढणीला नात बरीच रडली. सून दोनदा पिशवीत हात घालून माझ्याकडे बघत होती. मी खिडकीतून ‘चार भिंती’ स्मारक दाखवत, बेसूर गात वेळ मारून नेली. वर मंगळाईच्या देवळाजवळ सावलीत सतरंजी टाकली, हात धुतले आणि डबा उघडला. पोरीनं दीड तुकडा रताळं खाल्लं, उरलेला अर्धा मुंग्यांना दिला आणि त्या खातात का, ते ओणवी होऊन बघत बसली. पफचं पाकीट घरी आल्यावर मी फोडलं. चहाबरोबर बरे लागतात, हे सुनेला सांगितलेलं नाही.