विश्लेषण : ‘समृद्धी’ला दोन्ही बाजूंनी भिंत का? शेताच्या वाटेचे काय?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा तालुक्यांतून जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संरक्षक भिंत किंवा कुंपण आहे. त्यामुळे गाव अलीकडे आणि शिवाराचा काही भाग पलीकडे, अशी अवस्था या मार्गावरच्या अनेक शेतकऱ्यांची झाली. सरकार अशी भिंत का बांधते आणि तिची किंमत कोण मोजतो?

सरकारे भिंती कशासाठी बांधतात?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बर्लिनचे. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्व जर्मनी सोडून गेले. डॉक्टर, अभियंते, कुशल कामगार निघून जाऊ लागल्याने १३ ऑगस्ट १९६१ रोजी तिथल्या सरकारने एका रात्रीत शहराची सीमा बंद केली. स्वतःचीच माणसे आत डांबण्यासाठी बांधलेली ती भिंत २८ वर्षे टिकली. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या दौऱ्याआधी अहमदाबादेत झोपडपट्टीसमोर भिंत उभी राहिली. वस्ती पाहुण्यांच्या नजरेआड करण्यासाठीच ती असल्याची टीका तेव्हा झाली. ‘समृद्धी’च्या भिंतीचा उद्देश या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तिचा संबंध वेगाशी आहे.

वेगाचे गणित काय आहे?

७०१ किलोमीटरच्या या सहापदरी मार्गावर कारची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरले, तर तेवढ्यातच गाडी ८३ मीटर पुढे जाते. त्यानंतर नेहमीच्या ब्रेकने थांबायला आणखी सुमारे १६० मीटर लागतात. एकूण अंतर जवळपास २५० मीटर. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने हेच अंतर सुमारे ४५ मीटर असते.

आता पायी माणसाचा विचार करा. एका बाजूच्या तीन मार्गिका आणि कडेची पट्टी ओलांडायला साधारण १२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कार ४०० मीटर अंतर कापते. जनावर मध्येच थबकले तर चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. म्हणून या रस्त्यावर दुचाकी, रिक्षा, बैलगाडी आणि पादचाऱ्यांना मनाई आहे. ठरावीक इंटरचेंजशिवाय आत-बाहेर करता येत नाही.

मग अडचण कुठे आहे?

वाट पूर्ण बंद झालेली नाही. ओलांडण्यासाठी अंडरपास आणि पूल दिलेले आहेत. प्रश्न अंतराचा आहे. समजा, अंडरपास शेतापासून दीड किलोमीटरवर आहे. पूर्वी समोर दिसणाऱ्या शेतात जायला आता दीड किलोमीटर जायचे आणि पलीकडून तेवढेच परत यायचे. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या मजुराला, सोंगणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या प्रत्येक फेरीला हा हिशेब मोजावा लागतो. अंडरपासचा तळ शेतापेक्षा खोल असेल, तर काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात तिथे पाणी आणि चिखल साचतो.

नागपूर-मुंबई प्रवास १६ तासांवरून आठ तासांवर आणल्याचे सरकार सांगते. वाचलेले तास प्रवाशाचे असतात, वाढलेला फेरा मात्र भिंतीलगतचा शेतकरी रोज मारतो. वाट जवळ करण्यासाठी किंवा हॉटेल-ढाब्यांसाठी भिंत फोडण्याचे प्रकार घडतात, त्याचे मूळ इथे आहे. पण एक भगदाड म्हणजे १२० च्या वेगासमोर अचानक येणारे जनावर. त्यामुळे भिंत फोडणे हा उपाय होऊ शकत नाही.

भिंत असली की रस्ता सुरक्षित?

पूर्णपणे नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. भिंत बाहेरचा धोका रोखते. चालकाची डुलकी, टायरची अवस्था, बसमधून बाहेर पडण्याची सोय हे आतले प्रश्न तिच्या आवाक्यात येत नाहीत.

कायदा काय सांगतो?

२०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ नुसार मोबदला ठरवताना एकाच मालकाच्या जमिनीचे तुकडे पडल्याने होणारे नुकसानही विचारात घ्यायचे असते. ‘समृद्धी’साठी मात्र बरीचशी जमीन संमतीने थेट खरेदी झाली. पाचपटीपर्यंतच्या दरात जमिनीची किंमत आली. रोजच्या फेऱ्याचा हिशेब त्यात वेगळा दिसत नाही.

अंडरपासपर्यंत पोहोचण्याची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जात असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार तहसीलदारांकडे रस्ता मागता येतो. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चे कलम ५ लागू होते. महामार्गाची भिंत या अर्जांनी हटत नाही. भिंतीलगत सेवा रस्ता किंवा पाण्याचा निचरा हवा असेल, तर मागणी रस्ते विकास महामंडळाकडेच करावी लागते.

पुढे काय?

राज्यात आणखी द्रुतगती मार्गांचे नियोजन सुरू आहे. तिथेही भिंत लागणारच, कारण वेगाचे गणित बदलत नाही. बदलू शकते ते अंडरपासचे ठिकाण. ते गावच्या पाणंद रस्त्यांवर येईल की नाही, हे नकाशा तयार होतानाच ठरते. काँक्रीट पडल्यावर ते हलवता येत नाही. म्हणून मोजणीचा दगड शिवारात रोवला जातो, तेव्हाच ग्रामसभेने दराबरोबर वाटेचाही प्रश्न विचारला पाहिजे.