अडकलेला सर्व्हर आणि सापळ्यातील पतंगांची नोंद

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात सकाळी किती पतंग सापडले, हा आकडा आता केवळ नोंदवहीत राहत नाही. कीड सर्वेक्षक तो मोबाईलवरील ॲपमध्ये भरतो, तेथून तो मध्यवर्ती सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये जातो आणि त्याच्या आधारे तालुकानिहाय सल्ला तयार होतो. २००८ च्या खरिपात विदर्भातील सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला आणि त्यानंतर २००९-१० पासून महाराष्ट्रात क्रॉपसॅप प्रकल्पाने ही पद्धत रुजवली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र शासनाने राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली सुरू केल्यापासून ती देशव्यापी होऊ लागली आहे. सापळा कसा लावावा, ल्यूर कधी बदलावी, डोमकळी कशी ओळखावी यांचे प्रशिक्षण दरवर्षी होते. ज्या यंत्रात हे सारे साठते ते बंद पडून पुन्हा सुरू होताना अडकले तर काय करावे, याचे प्रशिक्षण मात्र क्वचितच कोठे होत असेल. हा विषय ‘संगणकवाल्यांचा’ म्हणून सोडून दिला जातो, आणि नेमके हेच घातक आहे.

गुलाबी बोंडअळीच्या आर्थिक नुकसानीच्या पातळीचा एक निकष असा आहे: प्रति सापळा प्रति रात्र आठ पतंग, सलग तीन रात्री. या वाक्यातील ‘सलग’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. मधल्या एका रात्रीची नोंद हरवली तर निकष पूर्ण झाला की नाही हे सांगता येत नाही. शेतकऱ्याला सल्ला मिळण्यास विलंब होतो आणि तोवर अळी बोंडात शिरते. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. सर्व्हर दोन दिवस अडकणे ही म्हणूनच कार्यालयीन गैरसोय नसून पीकसंरक्षणातील खंड असतो.

ऑगस्टमधील एखादी पावसाळी रात्र घ्या. वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, सर्व्हर एकाएकी बंद पडतो. सकाळी वीज येते, यंत्रावरील दिवे लागतात, पण डेटाबेस उत्तर देत नाही. ॲपवर चक्र फिरत राहते. ‘हँग झाला’ असे जाहीर होते. अर्ध्या तासात वरून दूरध्वनी येऊ लागतात आणि कोणीतरी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो. त्यानेही काम झाले नाही की तिसऱ्यांदा. बहुतेक वेळा मूळ बिघाड किरकोळ असतो. खरे नुकसान या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नांत होते.

असे का होते, हे जुन्या पेढीच्या हिशेबावरून चांगले समजते. दिवाणजी प्रत्येक व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरवतो आणि सवडीने खतावणीत नेतो. डेटाबेसही असेच वागतो. नोंद आली की ती प्रथम एका क्रमवार नोंदपत्रात, म्हणजे ‘लॉग’मध्ये, डिस्कवर पक्की होते, मुख्य तक्त्यांच्या फायलींत ती नंतर जाते. ठरावीक अंतराने दोहोंचा मेळ घातला जातो, त्यास चेकपॉइंट म्हणतात. पोस्टग्रेएसक्यूएल या प्रचलित प्रणालीच्या मूळ मांडणीत हा मेळ साधारण दर पाच मिनिटांनी होतो. यंत्र मध्येच कोसळले तर खतावणी अर्धवट असते, पण रोजकीर्द शाबूत असते. पुन्हा सुरू झाल्यावर डेटाबेस शेवटच्या चेकपॉइंटपासून रोजकीर्द वाचत पुढे येतो आणि राहिलेल्या नोंदी खतावणीत चढवतो. हे काम पुरे होईपर्यंत तो कोणास आत घेत नाही. बाहेरून जे ‘अडकणे’ दिसते ते पुष्कळदा हेच काम असते.

या पुनर्प्राप्तीच्या शास्त्राला व्यवस्थित रूप देणाऱ्यांत भारतीय नाव अग्रभागी आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले आणि आयबीएममध्ये संशोधन केलेले सी. मोहन यांनी सहकाऱ्यांसह १९९२ मध्ये ‘एरीज’ ही पद्धत प्रसिद्ध केली. आधी परिस्थितीचे विश्लेषण, मग घडलेल्या सर्व गोष्टींची क्रमाने पुनरावृत्ती, आणि शेवटी अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांची माघार, असे तिचे तीन टप्पे आहेत. डीबी२ सारख्या अनेक प्रणाली याच विचारावर उभ्या आहेत. निदान पहिले आणि उपाय नंतर, हा क्रम एकात्मिक कीड व्यवस्थापनात काम करणाऱ्यांना नवा नाही. शेतात चार अळ्या दिसताच पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्याला जो सल्ला विस्तार कार्यकर्ता देतो, तोच सर्व्हरच्या खोलीत मात्र कोणी ऐकत नाही.

पुनर्प्राप्ती चालू असताना यंत्र बळाने बंद केले तर पोस्टग्रेएसक्यूएल पुन्हा त्याच चेकपॉइंटपासून आरंभ करतो. चाळीस मिनिटांचे काम पस्तिसाव्या मिनिटाला तोडले की पस्तीस मिनिटे बहुतांशी वाया जातात. मायएसक्यूएलमध्ये एखादा प्रचंड, अर्धवट व्यवहार मागे घेणे चालू असेल तर पुन्हा सुरू केल्यानेही ते टळत नाही. तो व्यवहार मागे घेणे पुन्हा सुरू होतेच.

तर मग काम चालू आहे की यंत्र खरोखर ठप्प आहे, हे ओळखावे कसे? पहिले काम म्हणजे प्रणालीची संदेश-फाईल वाचणे. पोस्टग्रेएसक्यूएलच्या २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीपासून लांबलेल्या पुनर्प्राप्तीची प्रगती दर दहा सेकंदांनी तेथे लिहिली जाते. त्याआधीच्या आवृत्त्या या बाबतीत मुक्या होत्या, आणि घाईघाईने यंत्र बंद करण्याची सवय काही अंशी त्या मौनातूनच लागली असावी. जुन्या आवृत्तीत चालू प्रक्रियांच्या यादीत सध्या कोणता लॉगखंड वाचला जात आहे ते दिसते. पाच मिनिटांनी तो क्रमांक पुढे सरकला असेल तर थांबणे हाच उपाय. क्रमांक जागचा हलत नसेल, डिस्कवर वाचन-लेखनही होत नसेल, तर मात्र शोध घ्यावा लागतो. डिस्क काठोकाठ भरली आहे का? डिस्कच नादुरुस्त होऊन कार्यप्रणाली त्रुटीचे संदेश देत आहे का? कोसळण्यापूर्वीची जुनी प्रक्रिया अजून जिवंत राहून फायली धरून बसली आहे का? या तीन प्रश्नांवर बरीच प्रकरणे उलगडतात.

डिस्क भरल्याचे आढळले की जागा करण्याचा मोह होतो आणि हात नेमका चुकीच्या ठिकाणी जातो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये रोजकीर्दीच्या फोल्डरचे नाव पूर्वी ‘पीजी_एक्सलॉग’ होते. ‘लॉग’ म्हणजे जुनी, निरुपयोगी संदेशांची रद्दी, असे समजून कित्येकांनी ते रिकामे केले आणि डेटाबेस गमावले. अखेर २०१७ मध्ये दहाव्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून ‘पीजी_वॉल’ करावे लागले. नावामुळे एवढा अनर्थ होऊ शकतो, हे कीटकांच्या स्थानिक नावांच्या गोंधळात वावरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. जागा हवी असेल तर डिस्क वाढवावी किंवा डेटाबेसशी संबंध नसलेल्या फायली अन्यत्र हलवाव्यात. रोजकीर्दीला हात लावू नये. मायएसक्यूएलमध्ये बळाने सुरू करण्याच्या एक ते सहा पायऱ्या आहेत. चौथीपासून पुढे माहिती कायमची बिघडू शकते, असा इशारा तिच्या अधिकृत पुस्तिकेतच दिलेला आहे. तरीही थेट सहावी पायरी सुचवणारे सल्लागार भेटतात. हा प्रकार पहिल्याच फवारणीला दोन-तीन कीटकनाशकांचे मिश्रण वापरण्यासारखाच आहे. कोणताही हस्तक्षेप करण्यापूर्वी डेटाबेस थांबवून त्याच्या संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. त्यात तास-दोन तास गेले तरी चालतील.

बॅकअप आहे, असे सांगून येथे पुष्कळजण निश्चिंत होतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसचे फोल्डर पुसले. त्यानंतर बॅकअप शोधता असे आढळले की नेहमीचा बॅकअप प्रणालीच्या आवृत्त्या जुळत नसल्याने बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे सूचना-ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. कुशल मनुष्यबळ असलेल्या कंपनीची ही कथा तिनेच जगापुढे मांडली, हे तिचे श्रेय. आपल्याकडील संस्थांत बॅकअप ‘घेतला जातो’ याची नोंद असते. तो परत चढवून पाहिला का, हा रकाना सहसा नसतो.

डेटाबेस सावरल्यानंतर आणखी एक अडचण येते आणि ती विस्तार यंत्रणेच्या हातातील आहे. दोन दिवस ज्या हजारो मोबाईलमध्ये नोंदी साठून राहिल्या, ते सर्व एकाच वेळी सर्व्हरवर धडकतात. पोस्टग्रेएसक्यूएल मूळ मांडणीत एका वेळी शंभर जोडण्या स्वीकारतो. सर्व्हर पुन्हा निरुत्तर होतो आणि ‘परत हँग झाला’ म्हणून पुन्हा बंद करण्याची घाई होते. त्याऐवजी विभागवार वेळ ठरवून नोंदी पाठवण्याची सूचना दिली, आज अमुक जिल्हे सकाळी आणि तमुक दुपारी, तर हा लोंढा टळतो. या काळात सर्वेक्षकांनी ॲप काढून टाकून नव्याने घेऊ नये; तसे केल्यास मोबाईलमध्येच असलेल्या, सर्व्हरला न पोहोचलेल्या नोंदी नष्ट होण्याचा धोका असतो.

यानंतरचा भाग संगणकशास्त्राचा नसून कीटकशास्त्राचा आहे, आणि तेथे हयगय झाली तर वरची सारी मेहनत व्यर्थ. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. सापळ्यात पतंग नव्हते आणि सापळ्याची नोंदच आली नाही, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे; पण नकाशा रंगवणारी संगणकप्रणाली दोहोंना एकच हिरवा रंग देत असेल तर शेतकऱ्यासमोर खोटा दिलासा जातो. तसेच निरीक्षणाची तारीख आणि नोंद भरल्याची तारीख हे दोन वेगळे रकाने हवेत. ते नसतील तर तीन रात्रींचे पतंग सर्व्हर सुरू झालेल्या एकाच दिवसावर पडतात. ‘सलग तीन रात्री’ हा निकष कधीच पूर्ण होत नाही, किंवा एका रात्रीत चोवीस पतंगांचा खोटा उद्रेक दिसतो. नोंद गेली की नाही या शंकेने सर्वेक्षकाने ती दोनदा भरलेली असते, तिचेही निवारण हवे. सापळा क्रमांक आणि निरीक्षणाची तारीख मिळून एकच नोंद स्वीकारण्याचा नियम डेटाबेसमध्येच घातला की ही दुरुस्ती हाताने करावी लागत नाही.

या सर्व गोष्टींसाठी मोठा खर्च लागतो असे नाही. लागतो तो अधिकाराचा स्पष्ट निर्णय. सर्व्हर अडकल्यावर यंत्र बंद करण्याचा अधिकार कोणाला, आणि वरून कितीही दूरध्वनी आले तरी ‘थांबा’ म्हणण्याची मुभा कोणाला, हे लेखी असले पाहिजे. आज निविदांत प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे आकडे काटेकोर असतात. कोसळल्यानंतर किती वेळात सेवा पूर्ववत व्हावी आणि जास्तीत जास्त किती मिनिटांच्या नोंदी गमावणे मान्य आहे, हे दोन आकडे त्याच निविदेत का नसावेत? पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणक्षमता तपासतात तशी मे महिन्यात, हंगामाचा भार येण्याआधी, सर्व्हरच्या एका प्रतीची वीज मुद्दाम तोडून ती सावरण्यास किती वेळ लागतो ते मोजावे. तो कालावधी कागदावर लिहून यंत्राशेजारी लावला, तर ऑगस्टमधील त्या सकाळी विसाव्या मिनिटाला कोणी घाबरणार नाही.

कागदी नोंदवही बाद करण्याची भाषा अलीकडे ऐकू येते. ती निदान हंगाम संपेपर्यंत तरी जपावी, आणि पावसात शाई पसरते म्हणून नोंद शिसपेन्सिलीने करावी: सापळा क्रमांक, तारीख, वेळ, पतंगांची संख्या. सापळा पाहिलाच नसेल तर त्या दिवशी शून्य न लिहिता आडवी रेघ मारावी.